रोजचं टेन्शन: सगळे विचारतात ते प्रश्न आणि जमेल तितकी सरळ उत्तरं

मोठं संकट आलं की माणसं धावून येतात, विचारपूस करतात. रोजच्या बारीकसारीक ताणाला मात्र कुणी विचारत नाही, आपण स्वतःसुद्धा नाही. म्हणून हे प्रश्न एका जागी घेतलेत. सगळं एकदम वाचायची गरज नाही, जो प्रश्न आपला वाटेल तिथून सुरू करा.

टेन्शन येतं तेव्हा शरीरात नक्की होतं काय?

समजा संध्याकाळी फोनवर साहेबांचा मेसेज आला, "उद्या सकाळी जरा बोलायचंय." बस, एवढंच, पुढे काही नाही. तुम्ही तो वाचता आणि काय विषय असेल हा विचार पूर्ण व्हायच्या आतच छाती धडधडायला लागते, तळहात ओलसर होतात, पोटात गोळा येतो, खांदे वर चढतात आणि श्वास वरच्या वर चालू होतो. हे सगळं काही सेकंदांत होतं कारण मेंदूने धोक्याची घंटा वाजवलेली असते आणि किडनीच्या वर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींनी रक्तात अॅड्रेनलिन सोडलेलं असतं. रक्त पचनाकडून स्नायूंकडे वळतं, साखर मोकळी होते, लढायला नाहीतर पळायला शरीर तयार. ही 'लढा किंवा पळा' कल्पना वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडली.

अॅड्रेनलिनच्या मागोमाग कॉर्टिसोल हे ताणाचं दुसरं हार्मोन येतं, ते जरा सावकाश, त्याची पातळी साधारण वीस-तीस मिनिटांनी टोकाला जाते. म्हणूनच तो मेसेज वाचून झाला, फोन बाजूला ठेवला, जेवायला बसलात, तरी घास गोड लागत नाही आणि घरात कुणी साधं काही विचारलं तरी चिडचिड होते. तुमचा स्वभाव वाईट नाही, तुमच्या रक्तात अजून तो मेसेज फिरतोय. आणि गंमत अशी की समोर वाघ असला काय किंवा चार शब्द असले काय, शरीराची पहिली तयारी बरीचशी सारखीच असते, फक्त वाघापासून पळून गेलं की प्रकरण संपतं आणि मेसेजचं प्रकरण रात्रभर पुरतं.

थोडं टेन्शन चांगलं असतं म्हणतात, खरं आहे का?

हो, खरं आहे. परीक्षेच्या आधी अजिबातच धाकधूक नसेल तर पुस्तक उघडलंच जात नाही. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की अवघड काम असेल तर उत्तेजना एका मर्यादेपर्यंत शिकायला मदत करते आणि त्यापुढे गेली की कामगिरी घसरते. माणसाचं गणित उंदराइतकं सोपं नाही, पण अनुभव आपल्या सगळ्यांचा तोच आहे. हान्स सेल्ये, ज्यांनी १९३६ मध्ये ताणाच्या शरीरावरच्या परिणामांबद्दल पहिला गाजलेला लेख लिहिला, त्यांनीही पुढे चांगला ताण आणि त्रासदायक ताण असे दोन प्रकार सांगितले. पण एक सांगते, "थोडं टेन्शन चांगलंच असतं" हे वाक्य दुसऱ्याला कामाला जुंपताना फार वापरलं जातं. किती म्हणजे थोडं हे ज्याच्या डोक्यावर आहे त्यानेच ठरवायचं.

मग त्रास नेमका कधी सुरू होतो?

ताण चढतो त्याने सहसा बिघडत नाही, तो उतरायला वेळच मिळाला नाही की बिघडतं. या पानावर एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. शरीराची ती सगळी तयारी थोड्या वेळासाठी बनलेली आहे, चढायची आणि मग खाली यायची. सकाळी मेसेज, मग प्रवासातली घाई, मग कामावरची डेडलाइन, मग घरी आल्यावर मुलांचा अभ्यास, मग रात्री पैशांचा हिशेब, असं एक संपायच्या आत दुसरं सुरू झालं की शरीर खाली येतच नाही. मग ब्लड प्रेशर, झोप, पचन, प्रतिकारशक्ती, सगळ्यावर हळूहळू परिणाम व्हायला लागतो.

म्हणून "टेन्शन घेऊ नकोस" हा सल्ला निरुपयोगी आहे. टेन्शन आपण घेत नाही, ते येतं. आपल्या हातात असतं ते दिवसभरात दोन-चार वेळा ते खाली उतरू देणं.

माझ्या आयुष्यात मोठं काहीच वाईट घडलेलं नाही, तरी एवढा ताण का? मी उगाच बाऊ करतोय का?

नाही, अजिबात बाऊ करत नाही आहात. १९६७ मध्ये होम्स आणि राहे या दोन डॉक्टरांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी केली आणि प्रत्येकीला गुण दिले, जोडीदाराचा मृत्यू १०० आणि लग्न ५०, म्हणजे आनंदाच्या गोष्टीतही ताण असतो हे त्यांनी मान्य केलं होतं. ही यादी खूप वर्षं वापरली गेली. पण १९८१ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजच्या कटकटी तपासल्या, वस्तू हरवणं, खूप कामं आणि कमी वेळ, वजन, वाढते भाव असल्या गोष्टी, आणि त्यांना दिसलं की माणसाच्या मानसिक तक्रारींशी मोठ्या घटनांपेक्षा या बारीक कटकटींचं नातं जास्त जवळचं आहे.

याचं कारण मला असं वाटतं की मोठ्या दुःखाला सुट्टी मिळते, लोक सांभाळून घेतात. कटकटीला ना सुट्टी ना सांत्वन, आणि वर आपणच स्वतःला म्हणत राहतो की एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसायचं. हा दुसरा मार पहिल्यापेक्षा जास्त लागतो.

डोकेदुखी, पोट बिघडणं, केस गळणं, हे सगळं ताणामुळेच का?

काही वेळा हो, पण सगळं ताणावर ढकलू नका, त्यात धोका आहे.

कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं डोकं दुखणं, मान-खांदे आखडणं, रात्री दात खाणं आणि सकाळी जबडा दुखणं, पोट फुगणं, वारंवार सर्दी, यात ताणाचा हात असू शकतो. सर्दीचं तर १९९१ मध्ये शेल्डन कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी तपासूनच पाहिलं, लोकांच्या संमतीने त्यांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले तर ज्यांच्यावर ताण जास्त होता त्यांना सर्दी होण्याचं प्रमाण जास्त निघालं. केसांचं म्हणाल तर मोठा ताण किंवा आजार होऊन गेल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, त्यामुळे आपल्याला संबंधच लागत नाही की आता तर सगळं ठीक आहे मग आता का गळतायत. बहुतेकांचे परत येतात.

उलट अल्सरचं बघा. कित्येक वर्षं जठराच्या अल्सरला टेन्शन आणि तिखट खाणं कारणीभूत मानायचे, मग बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू शोधला, त्यांना २००५ चं नोबेल मिळालं, आणि तो अल्सर अँटिबायोटिक्सने बरा व्हायला लागला. किती लोकांनी तोवर "शांत राहा" हा सल्ला ऐकत दिवस काढले असतील! म्हणून छातीत दुखणं, वजन आपोआप उतरणं, शौचातून रक्त, अचानक आलेली भयंकर डोकेदुखी, यातलं काही असेल तर टेन्शन असेल म्हणून घरी बसू नका, आधी डॉक्टर.

ताण मोजता येतो का? कॉर्टिसोलची टेस्ट करून घेऊ का?

स्वतःहून नको. कॉर्टिसोल सकाळी जास्त आणि रात्री कमी असतं, दिवसभर बदलतं, एका आकड्यावरून रोजच्या ताणाबद्दल काही कळत नाही. ती टेस्ट डॉक्टर ग्रंथींच्या आजारांसाठी करतात. ताणासाठी प्रश्नावली असतात, पण स्वतःला विचारायला दोन प्रश्न पुरतात: गेल्या महिन्यात गोष्टी हाताबाहेर चालल्यात असं किती वेळा वाटलं, आणि सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटतं का.

आत्ता या मिनिटाला डोकं फिरलंय. काय करू?

आधी श्वास सोडा. घ्यायचा नाही, सोडायचा. आपण घाबरलो की आत घेत राहतो आणि बाहेर पुरता जाऊच देत नाही, मग अजून गुदमरल्यासारखं होतं. तोंडाने हळू, मेणबत्ती न विझवता तिची ज्योत नुसती हलवायची असेल तसा फुंकर घालत श्वास बाहेर जाऊ द्या, मग नाकातून आपोआप जेवढा येईल तेवढा येऊ द्या, मुद्दाम मोठा ओढू नका. परत सोडा. सोडणं घेण्यापेक्षा लांब. घेताना मनात चार मोजलेत तर सोडताना सहा, मिनिटाला साधारण सहा श्वास होतात.

हे काम का करतं, तर श्वास बाहेर सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात आणि आत घेताना वाढतात. व्हेगस नावाची नस मेंदूतून निघून हृदयापर्यंत, पोटापर्यंत जाते, तिचं हे काम. ठोके आपल्याला थेट कमी करता येत नाहीत पण श्वास आपल्या हातात आहे, म्हणून त्या दाराने आत शिरायचं. दोन-तीन मिनिटं करा. चक्कर आल्यासारखं झालं तर तुम्ही खूप जोरात श्वास घेताय, हळू करा.

सोबत खांदे कानापर्यंत वर उचला, पाच सेकंद घट्ट धरा आणि एकदम सोडून द्या. मग मुठी, मग जबडा. एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी शंभर एक वर्षांपूर्वी हीच पद्धत बसवली, आधी स्नायू आवळायचा मग सोडायचा, कारण नुसतं "रिलॅक्स हो" म्हटल्यावर कुठला स्नायू सोडायचा हे आपल्याला कळतच नाही. आणि त्या अवस्थेत कुणालाही रिप्लाय टाइप करू नका, अर्धा तास थांबा. वर सांगितलं ना, कॉर्टिसोल उतरायला वेळ लागतो.

रात्री पाठ टेकली की विचार सुरू होतात, झोपच येत नाही. काय करावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त लोक विचारतात. दिवसभर कामात विचारांना जागा मिळालेली नसते, मग अंधार झाला, फोन ठेवला की ते सगळे एकदम येतात, उद्याचं बिल, त्या मीटिंगमध्ये आपण काय बोललो, आईची तपासणी.

झोपायच्या आधी पाच मिनिटं कागदावर उद्याची कामं लिहा. आज काय केलं ते नाही, उद्या काय करायचंय ते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५७ तरुणांना झोपेच्या लॅबमध्ये ठेवलं होतं, अर्ध्यांनी झालेली कामं लिहिली आणि अर्ध्यांनी करायची कामं, तर करायची कामं लिहिणारे सरासरी नऊ एक मिनिटं लवकर झोपले, आणि जितकं बारकाईने लिहिलं तितकी लवकर झोप लागली. प्रयोग लहान होता, पण कागद-पेन लागतं फक्त, करून बघायला काय हरकत आहे. लिहिताना "बँकेचं काम" असं मोघम लिहू नका. "अकराच्या आधी बँकेत फोन, कार्ड ब्लॉक झालंय ते विचारायचं, नंबर पासबुकच्या मागे आहे" असं लिहा. मोघम लिहिलं की मेंदू ते परत उघडून बसतो, नीट लिहिलं की सोडून देतो.

तरी वीस एक मिनिटं झोप नाही आली तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे जड झाले की परत या. घड्याळ बघू नका, "आता फक्त चार तास राहिले" हा हिशेब झोप उडवायला पुरेसा असतो. आणि रात्री कितीही उशीर झाला तरी सकाळी उठायची वेळ तीच ठेवा, हे जड जातं पण सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागते, "मला पाच तास पुरतात" म्हणणाऱ्या बहुतेकांना ती पुरत नसते, सवय झालेली असते.

चहा-कॉफी, सिगरेट, एखादा पेग, याने बरं वाटतं. मग काय वाईट?

बरं वाटतं हे खोटं नाही. पण कॅफीनचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी पाचला घेतलेल्या कपातलं अर्धं रात्री दहाला अंगात असतं, म्हणून दुपारनंतर कमी करा. दारूने झोप लवकर लागते पण उत्तररात्री ती तुटते आणि सकाळी अस्वस्थता जास्त. सिगरेटचं तर असं आहे की निकोटीन उतरल्यावर जी तगमग होते ती पुढची सिगरेट शांत करते आणि आपल्याला वाटतं टेन्शन गेलं, म्हणजे आग लावणारा आणि विझवणारा एकच. सोडलेल्या लोकांचा अभ्यास झालाय, काही आठवड्यांनंतर त्यांची चिंता ओढणाऱ्यांपेक्षा कमी झालेली दिसते.

व्यायामाला वेळच नाही, मग?

चाला. आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम हा जागतिक आरोग्य संघटनेचा किमान आकडा आहे, पण तो जमत नाही म्हणून काहीच न करणं हे सगळ्यात वाईट. फोनवर बोलताना चाला, दोन मजले चढा. शरीराने पळायची तयारी केलीय ना, तिला थोडं पळू द्या.

मेडिटेशन मला जमत नाही, डोळे मिटले की अजून विचार येतात.

मग नका करू, सक्ती नाही. विचार येणं म्हणजे चुकणं नव्हे हे खरं असलं तरी काहींना शांत बसल्यावर अस्वस्थताच वाढते. त्यांनी हाताचं काम करावं: भांडी घासणं, झाडांना पाणी, विणकाम, कपाट आवरणं. मन एका जागी यायला डोळे मिटायलाच हवेत असं काही नाही.

जी गोष्ट माझ्या हातातच नाही तिचं टेन्शन कसं कमी करू?

लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये ताणाशी भिडायचे दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे प्रश्नच सोडवणं, दुसरं म्हणजे प्रश्नाने मनाचं जे झालंय ते सांभाळणं. आपली फसगत बहुतेक वेळा इथेच होते. जिथे प्रश्न सुटण्यासारखा असतो तिथे आपण मन रमवत बसतो, आणि जिथे सुटण्यासारखा नसतो तिथे रात्रभर डोकं लावतो.

रिपोर्ट उद्या यायचाय, आज तुम्ही काहीही केलंत तरी तो आज येणार नाही. इंटरनेटवर लक्षणं शोधणं हे काम केल्यासारखं वाटतं पण ते काम नाही, ती तगमग आहे. अशा वेळी मनाला सांभाळणं हेच काम: कुणाजवळ बसा, बोला, लवकर जेवा. याउलट ज्या हप्त्याची भीती वाटतेय त्याबद्दल बँकेला फोन करणं तुमच्या हातात आहे, तिथे गाणी ऐकून बरं वाटेल पण हप्ता तिथेच राहील. बऱ्याच गोष्टी अर्ध्या-अर्ध्या असतात, घरात आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे. आजार हातात नाही, पण आठवड्यातून एक दुपार दुसऱ्या कुणीतरी बसावं हे मागणं हातात आहे. मागा. मदत मागायला संकोच वाटतो हे कळतं, पण न मागता कुणाला कळत नाही, खरंच नाही कळत.

कामाचं टेन्शन घरी येतं. ते दाराबाहेर कसं ठेवायचं?

पूर्ण नाही ठेवता येत. पण काम संपवताना शेवटची पाच मिनिटं उद्या कुठून सुरू करायचं ते लिहून ठेवलं तर बरंच मागे राहतं. घरी आल्यावर कपडे बदला, तोंड धुवा, दहा मिनिटं कुणाशी महत्त्वाचं बोलू नका. कामाच्या ग्रुपचे नोटिफिकेशन रात्री बंद. ज्यांना बंद करायची मुभाच नाही त्यांना "बाउंडरी ठेव" हा सल्ला देण्यात अर्थ नाही, तिथे दोष त्या कामाच्या पद्धतीचा आहे, तुमचा नाही. बर्नआउटला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाशी जोडलेली अवस्था म्हटलंय, आटोक्यात न आणलेल्या कामाच्या दीर्घ ताणातून येणारी: थकवा, कामाबद्दल तुटलेपण, आणि आपल्याकडून काही धड होत नाही ही भावना. रविवारी झोप काढून तो जात नाही, कामाचा बोजा कमी व्हावा लागतो.

हा साधा ताण आहे की अँक्झायटी, डिप्रेशन आहे हे कसं ओळखायचं? डॉक्टरकडे कधी जायचं?

ढोबळ खूण सांगायची तर ताणाला कारण असतं आणि कारण गेलं की तो बराचसा उतरतो. अँक्झायटीत कारण गेलं तरी काळजी राहते, किंवा दुसरं कारण शोधते. डिप्रेशनमध्ये आवडीच्या गोष्टींतही रस वाटत नाही, उदास किंवा कोरडं वाटत राहतं, झोप-भूक बदलते. असं दोन आठवडे जवळपास रोज चालू असेल, किंवा काम, नाती, खाणंपिणं यावर परिणाम होत असेल, तर डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जा. आधी फॅमिली डॉक्टर चालतील, थायरॉइड, रक्त कमी असणं अशा गोष्टी ते तपासतील. जाणं म्हणजे गोळ्या सुरू होणारच असं नाही, बोलण्याच्या उपचारांचाही चांगला उपयोग होतो. आणि गोळ्या दिल्या तर मनाने बंद करू नका.

जगून काय उपयोग, आपण नसलेलं बरं, असे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजू नका. आजच जवळच्या माणसाला सांगा, हेल्पलाइनला फोन करा, एकटे राहू नका. असे विचार येणं ही लाज वाटायची गोष्ट नाही, आणि त्यातून माणसं बाहेर येतात.

घरातलं माणूस टेन्शनमध्ये आहे. मी काय बोलू?

कमी बोला. "माझ्या वेळी तर याहून वाईट होतं", "पॉझिटिव्ह राहा", ही वाक्यं प्रेमाने म्हटली तरी समोरच्याचं तोंड बंद करतात. त्याऐवजी विचारा, "नुसतं ऐकू की काही सुचवू?" बहुतेकांना आधी ऐकणारं हवं असतं. आणि "काही लागलं तर सांग" असं म्हणून सोडू नका, दमलेला माणूस सांगत नाही. "उद्या मुलांना शाळेतून मी आणतो", "आजचं जेवण मी बघते", असं एक ठरावीक काम उचला. तो नको म्हणाला तर एकदा परत विचारा, आणि चार दिवसांनी पुन्हा एक फोन करा.